पापणी वारंवार सुजते? आधी हे गैरसमज दूर करू

सकाळी पापण्या चिकटलेल्या, कडा लाल, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं. हा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर तो बहुधा ब्लेफरायटिस, म्हणजे पापणीच्या कडेचा दाह असतो. त्याने सहसा नजर जात नाही, पण चुकीच्या समजुतींमुळे माणसं वर्षानुवर्षं उगाच सोसत राहतात.

गैरसमज : हा अस्वच्छतेचा रोग आहे आणि नुसतं बघितलं तरी लागतो.
वस्तुस्थिती : बघून काहीच लागत नाही. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 तेलग्रंथी असतात. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने 1666 मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं. त्यांच्या तेलामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत. हे तेल घट्ट होऊन ग्रंथींची तोंडं बुजली की दाह सुरू होतो. डोक्यातला कोंडा, रोझेशिया हा त्वचाविकार, त्वचेवरचे जिवाणू आणि केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे त्यात भर घालतात. नीटनेटक्या माणसालाही हा त्रास होतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गैरसमज : रांजणवाडीवर लसूण चोळावा किंवा ती पिळून टाकावी.
वस्तुस्थिती : लसणाने पापणीची नाजूक त्वचा भाजते आणि पिळल्याने संसर्ग आजूबाजूला पसरू शकतो. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा 5 ते 10 मिनिटं शेकावं. बहुतेक रांजणवाड्या एक-दोन आठवड्यांत बसतात.

गैरसमज : मागच्या वेळचे थेंब उरलेत, तेच घालू.
वस्तुस्थिती : त्या थेंबांत स्टेरॉइड असू शकतं. लाली झटकन उतरते म्हणून ते मनानेच घालत राहिलं, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. म्हणून थेंब कोणते आणि किती दिवस घालायचे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

गैरसमज : सूज उतरली, म्हणजे आजार संपला.
वस्तुस्थिती : ब्लेफरायटिस कायमचा जात नाही, पण रोजच्या निगेने आटोक्यात राहतो. आधी शेक, मग वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर बोटाने हलकं मालिश, शेवटी डॉक्टरांनी सुचवलेल्या द्रावणाने कड पुसणं. पापणीच्या आतल्या कडेला काजळ भरू नये, ते ग्रंथींच्या तोंडाशीच बसतं. रांजणवाडी वरचेवर होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

गैरसमज : पापणीचं रूप बदललं, तर ते वयामुळेच.
वस्तुस्थिती : दाह लांबला की कड जाड होते, केस गळतात किंवा आत वळून बुबुळाला टोचतात. तरुणपणी न दुखता पुन्हा पुन्हा सूज येऊन पापणीची त्वचा पातळ, सुरकुतलेली आणि सैल पडत असेल, तर तो ब्लेफरोकॅलॅसिस हा दुर्मीळ विकार असू शकतो. नाकाजवळच्या कोपऱ्यात पिवळट चपटे डाग दिसले तर तो दाह नाही, ते चरबीचे साठे असतात. अशा वेळी कोलेस्टेरॉल तपासावं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, उतारवयात एकाच जागी गाठ परत परत येत असेल आणि तिथले केस झडत असतील, तर बायोप्सी टाळू नका. तेलग्रंथीचा कर्करोग कित्येकदा साध्या गाठीच्या रूपात येतो आणि पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात जास्त आहे. वेळीच सापडला तर त्यावर उपचार करता येतात.

सुजेसोबत ताप आला, नजर अंधुक झाली, एकाचे दोन दिसू लागले, डोळा पुढे आला किंवा हलवताना दुखला, तर शेकत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लहान मुलांच्या बाबतीत तर एक रात्रही थांबू नका.