माळ तुटते कुठे?

घरातले मंगळसूत्र किंवा काचमण्यांची माळ तुटली, की मणी घरभर पसरतात आणि सगळे जण ते वेचायला धावतात. पुढच्या वेळी तुम्ही मणी इतरांना वेचू द्या आणि दोरा उचला. त्याचे तुटलेले टोक भिंगाखाली धरा. पुष्कळदा असे दिसते की दोरा एका झटक्यात तुटलेला नाही. त्याचे तंतू एकेक करून कातरले गेले आहेत, टोक पिंजल्यासारखे झाले आहे. आता माळेचे वजन ते किती? पंचवीस-तीस ग्रॅम. तेवढा भार हा दोरा सहज पेलतो. मग त्याला कापले कोणी?

कापले ते मण्याच्या भोकाच्या कडेने. हे पटण्यासाठी थोडे गणित करू. समजा, अर्धा मिलिमीटर जाडीचा दोरा भोकाच्या कडेवर ५० ग्रॅम भाराने टेकला आहे. कड धारदार असेल तर दोरा तिला एका बारीक रेघेवरच स्पर्श करतो. या रेघेची रुंदी मिलिमीटरचा शंभरावा भाग धरा. म्हणजे स्पर्शाचे क्षेत्रफळ झाले ०.५ × ०.०१ = ०.००५ चौरस मिलिमीटर. भाराला क्षेत्रफळाने भागा. दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला १००० किलोग्रॅम! आता तीच कड जरा गोल करा. स्पर्शाची पट्टी ०.२ मिलिमीटर रुंद झाली, तर दाब उतरून ५० किलोग्रॅमवर येतो. भार तोच, दोरा तोच, दाब मात्र वीसपट कमी. शिवाय माळ काही स्थिर नसते. चालताना, वाकताना, श्वास घेताना दोरा कडेवर पुढेमागे घासत राहतो. धारदार कड ही मग सुरीच होते, भले ती डोळ्यांना दिसो वा न दिसो.

भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. तुमचे वडील किंवा काका वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर काम करत असतील, तर त्यांना विचारा. लोखंडी पट्टीला भोक पाडले की त्याच्या तोंडाशी धातूची उचललेली धारदार किनार राहते. तिला ते ‘बर’ म्हणतात. ती काढल्याशिवाय, कड तिरकी कापून ‘चॅम्फर’ दिल्याशिवाय माल पुढे जात नाही, कारण तीच किनार कामगाराचे बोट कापते, वायरचे आवरण सोलते, रबरी वायसर चिरते. काचेची तऱ्हा निराळी आहे. लोखंड दाबाखाली थोडे वाहते, म्हणून बर उचलली जाते. काच ठिसूळ. ती वाहत नाही, टवका उडवते. म्हणून काचेच्या मण्याला आरपार एकाच बाजूने छेदू नये. सामता बाहेर पडतो त्या बाजूची काच फुटते. प्राचीन काळचे दगडी मणी पाहिलेत तर त्यांतल्या पुष्कळांना दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे छेदलेले आढळते. मध्यावर दोन भोके जिथे भेटतात तिथे बारीकशी पायरीही दिसते.

काचेचे बहुतेक मणी मात्र छेदून करतच नाहीत. उत्तर प्रदेशातील पुरदिलनगर हे हातमण्यांसाठी प्रसिद्ध गाव. तिथे भट्टीत मऊ झालेली काच लोखंडी सळईभोवती गुंडाळून मणी करतात. सळई काढली की उरते ते भोक. पण ती काढायची कशी? तापलेली काच धातूला घट्ट चिकटते. तुम्ही म्हणाल, थंड झाल्यावर सळई आकसेल आणि सुटेल. हिशेब करून पाहू. लोखंडाचा प्रसरणांक दर अंश सेल्सियसला सुमारे ०.००००१२, नेहमीच्या काचेचा सुमारे ०.०००००९. २ मिलिमीटर जाडीची सळई ५०० अंशांनी थंड झाली तर ती ०.०१२ मिलिमीटर आकसेल, आणि मण्याचे भोकही ०.००९ मिलिमीटर आकसेल. फट राहिली अवघी ०.००३ मिलिमीटर! तेवढ्याने काही सुटत नाही. म्हणून सळईला आधी पातळ चिखलाचा लेप देऊन तो वाळवतात. लेप काचेला आणि लोखंडाला भेटू देत नाही, आणि सळई ओढताना तो स्वतः भुगा होतो.

त्यातला काही भुगा भोकात चिकटून राहतो. पारदर्शक मण्यात तो पांढुरकी नळी असावी तसा दिसतो. पण रूपापेक्षा त्याचा दुसरा दोष मोठा आहे. माती खरखरीत असते, आणि दोऱ्याला आतून पॉलिश कागदासारखी घासत राहते. म्हणून मणी साफ करणे म्हणजे दोन कामे झाली: भोकातला लेप खरवडणे आणि दोन्ही तोंडांच्या कडा बोथट करणे.

साध्या खिळ्याने हे होत नाही. काठिण्याच्या मोह्स मोजपट्टीवर काच साडेपाचच्या आसपास, साधा खिळा तिच्याखाली, गारगोटी ७ वर आणि हिरा १० वर. म्हणून हिऱ्याची पूड बसवलेली निमुळती गोल कानस वापरतात. इथे नवशिका एक गोष्ट हमखास विसरतो. निमुळती कानस भोकात दाबली की ती पाचरीसारखी वागते. आपण लावलेला जोर आडव्या दिशेने कितीतरी पटींनी वाढतो आणि भोकाला ताणतो. काच दाब भरपूर सोसते, ताण फार थोडा. मणी तडकतोच. कानस दाबायची नसते, हलक्या हाताने फिरवायची असते. आणि मणी भट्टीतून काढल्यावर सावकाश थंड केलेला असला पाहिजे. घाईने थंड केला तर बाहेरची काच आधी घट्ट होते, आतली मागून आकसते, आणि मण्यात ताण कोंडून राहतो. मग कानस लागायचा अवकाश!

हे सारे काम पाण्यात बुडवून करायचे. पाणी कानस आणि काच थंड ठेवते हे खरे. काच उष्णतेची अगदी मंद वाहक, त्यामुळे घासलेली जागा पटकन तापते. पण माझ्या मते त्याहून मोठे कारण दुसरेच आहे, ते म्हणजे धूळ. ५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा खनिजाचा कण निश्चल हवेत सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर वेगाने पडतो. नाकाच्या उंचीवरून, दीड मीटरवरून, जमिनीवर यायला त्याला बारा-तेरा मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला लागतात सुमारे पाच तास! तेवढा वेळ कारागीर तीच हवा श्वासात घेत असतो. गुजरातेत खंबायतला अकीकाचे मणी शेकडो वर्षांपासून घासले आणि छेदले जातात. अकीक म्हणजे जवळजवळ सगळा स्फटिकरूप सिलिका. तिथल्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग आढळतो, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने त्याचा अभ्यास केला आहे. या रोगाने फुप्फुसात जे व्रण पडतात ते बरे करणारे औषध नाही. काचेतला सिलिका स्फटिकरूप नसतो, म्हणून काचेची धूळ अकीकाइतकी घातक नाही. पण लेपाच्या मातीत स्फटिक सिलिका असू शकतो. तेव्हा कोरडा मणी घासू नये, भोकात फुंकर मारून भुगा उडवू नये. गढूळ झालेले पाणी वाळू न देता ओल्या फडक्याने टिपून घ्यावे.

बारीक मण्यांना मात्र कानस लावणे परवडणार कसे? मंगळसूत्रातल्या काळ्या पोतीचेच पाहा. एका सरात शेकडो मणी. त्यांची युक्ती मला फार आवडते. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ पापनायडूपेट गावी काचेच्या तापलेल्या पोकळ गोळ्यापासून हाताने लांबच लांब नळी ओढत असत. नळीचे बारीक तुकडे केले की तेच मणी. दोन्ही तोंडांना अर्थात ब्लेडसारखी धार. मग ते तुकडे राखेत मिसळून पुन्हा तापवायचे. मऊ काचेचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे चौपट असतो, आणि पृष्ठताणाचा दाब वक्रता जिथे तीव्र तिथे सर्वांत जास्त. म्हणून धार आधी विरघळल्यासारखी गोल होते, बाकी मणी जागच्या जागी राहतो. पृष्ठताण भोकही बुजवू पाहतो, पण तिथे राख भरून बसलेली! राखेमुळे मणी एकमेकांना चिकटतही नाहीत. शेवटी राख धुऊन काढली की काम झाले.

भोकावरून मण्याचा इतिहासही वाचता येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे उत्खनन केले, त्यात काचेचे मणी मिळाले. धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातही प्राचीन मणी पाहायला मिळतात. भारतीय काचेचा इतिहास १९६९ साली ग्रंथरूपाने मांडणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे अशा मण्यांचे जाणकार. मणी प्रकाशासमोर धरला की काचेत अडकलेले हवेचे बुडबुडे दिसतात. ते भोकाला समांतर लांबट असतील तर मणी ओढलेल्या नळीचा. भोकाभोवती वळसा घेत असतील तर सळईवर गुंडाळलेला.

आता एक प्रयोग. शिवणाचा सुती दोरा घ्या आणि त्याच्या टोकाला २०० ग्रॅमचे वजन बांधा. दोरा स्टीलच्या पट्टीच्या कडेवरून पुढेमागे ओढा, आणि किती फेऱ्यांनी तुटतो ते मोजा. मग तसाच दुसरा दोरा गोल पेन्सिलीवरून ओढा. वजनाखाली पाय ठेवू नका! दोन्ही आकडे वहीत लिहा, आणि पेन्सिलीच्या फेऱ्या मोजायला एखाद्या मित्राला सोबत घ्या. एकट्याचा हात दुखेल.