पावसांत आगगाडी पाहणें

पाऊस लागला म्हणजे घराबाहेर पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. छायाचित्रें काढणारे तर आषाढ-श्रावणांत आपले कॅमेरे कपाटांत ठेवून देतात. वाफेच्या इंजिनानें ओढलेल्या आगगाडीच्या बाबतींत ही समजूत अगदींच उलटी आहे. अशा इंजिनाचें खरें रूप पावसाळ्यांतच दिसतें. तें कां, आणि तें पाहण्यास व टिपून ठेवण्यास काय करावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

हातकणंगल्याच्या स्टेशनावर आज विजेच्या तारा आहेत आणि वाफेचें इंजिन तेथें दिसत नाहीं. तरी हा विषय आपणांस परका नाहीं. मिरजेपासून कोल्हापुरापर्यंतचा सुमारें २९ मैलांचा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानानें बांधविला आणि १८९१ त त्यावरून गाडी धांवूं लागली. रुळांमधील अंतर तेव्हां एक मीटर होतें. १९७१ त तें वाढवून रुंद मापाचें, म्हणजे साडेपांच फुटांचें केलें. मधल्या ऐंशी वर्षांपैकीं बहुतेक काळ हातकणंगले, रुकडी, जयसिंगपूर या स्टेशनांवर पावसाळ्याची पहांट इंजिनाच्या शिटीनेंच होत असे. म्हणजे जें पाहण्यास आज लोक शेंकडों मैल जातात, तें आपल्या आजोबांच्या दारावरून रोज जात होतें.

प्रथम एक घरगुती प्रयोग सांगतों. चुलीवर किटली ठेवून पाणी चांगलें उकळूं द्यावें आणि तिच्या तोटीकडे दुरून नीट पाहावें. तोटीच्या अगदीं तोंडाशीं बोटभर जागा मोकळी दिसते. पांढरा लोट त्यापुढें सुरू होतो. खरी वाफ आहे ती त्या मोकळ्या जागेंत, आणि ती डोळ्यांस दिसत नाहीं. (हात तेथें नेऊं नये, न दिसणारी ती वाफच अधिक भाजते.) पुढें जो पांढरा लोट दिसतो तो वाफ नव्हे, गार हवा लागून वाफेचे झालेले ते पाण्याचे बारीक थेंब होत, म्हणजे एक लहानसा ढगच म्हणाना. आतां हा ढग किती वेळ टिकेल हें भोंवतालच्या हवेवर अवलंबून असतें. वैशाखाची कोरडी, तापलेली हवा ते थेंब तत्काळ पिऊन टाकते. आषाढाची हवा आधींच पाण्यानें भरलेली असल्यामुळें तिला आणखी पिववत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत इंजिनाच्या धुराड्यावर जो लोट चार हातांवर विरतो, तोच पावसाळ्यांत सगळ्या गाडीच्या माथ्यावरून मागें पसरत जातो आणि गाडी निघून गेल्यावरहि कांहीं वेळ झाडांत अडकून राहतो.

या लोटाला एक ताल असतो. बाष्पपात्रांतील वाफ सिलिंडरांत जाऊन दट्ट्या ढकलते, आणि काम संपलें म्हणजे धुराड्यांतून जोरानें बाहेर पडते. जातां जातां ती भट्टीची हवा ओढून घेते. त्यामुळें इंजिन जितकें अधिक राबेल तितकी आग अधिक पेटते. ही योजना इतकी सोपी आणि इतकी शहाणपणाची आहे कीं, तिचें आम्हांस अद्यापि कौतुक वाटतें. दोन सिलिंडरांच्या साध्या इंजिनांत चाकाच्या एका फेऱ्यास चार फुत्कार होतात. चढावर ते एकेक मोजतां येतात.

पाऊस आणि आगगाडी यांचा मेळ चित्रकारांच्या ध्यानीं फार लवकर आला होता. टर्नर या इंग्रज चित्रकारानें १८४४ त 'पाऊस, वाफ आणि वेग' या नांवाचें चित्र लोकांपुढें मांडलें. तें आज लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. टेम्स नदीवरील पुलावरून इंजिन पावसांतून समोर येत आहे आणि त्याच्यापुढें रुळांवरून एक ससा जिवाच्या आकांतानें धांवत आहे, असें तें चित्र. ससा फार बारीक काढलेला आहे. मूळ चित्रांत तो शोधावा लागतो.

पाहणाऱ्यास पाऊस आनंदाचा असला तरी इंजिन चालविणाऱ्यास तो संकटाचा असतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतें तें केवळ घर्षणाच्या बळावर. रूळ ओला झाला कीं तें बळ घटतें. यांतहि एक गंमत आहे. मुसळधार पावसापेक्षां भुरभूर पाऊस अधिक वाईट. कारण मोठी सर रुळावरचें तेल आणि माती धुऊन नेते, आणि भुरभूर पाऊस त्यांचा चिखल करून ठेवतो. अशा वेळीं जड गाडी घेऊन निघतांना चाकें जागच्या जागीं गरगर फिरतात, सावकाश चाललेले फुत्कार एकदम झरझर ऐकूं येतात, आणि चालकास वाफ आंवरून पुन्हां आरंभ करावा लागतो. यावर उपाय म्हणजे कोरडी रेती. इंजिनाबरोबर रेतीची पेटी असते व तींतून नळीनें चाकापुढें रेती सोडतात. १८८१ त सुरू झालेल्या दार्जिलिंगच्या दोन फुटी मार्गावर तर जुन्या पद्धतीनें इंजिनाच्या पुढच्या अंगास माणसें बसतात आणि निसरड्या चढावर हातानें रुळांवर रेती टाकतात. पावसांत, धुक्यांत, चालत्या इंजिनावर बसून मूठमूठ रेती टाकणाऱ्या त्या माणसांचें छायाचित्र आम्हांस इंजिनाच्या छायाचित्राहून मोलाचें वाटतें.

सहलीसाठीं गाडी ठरवून नेण्याची चाल जुनी आहे. ५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक नांवाच्या बाप्टिस्ट गृहस्थानें लेस्टर गांवाहून लफबरो येथील मद्यपाननिषेधाच्या सभेस सुमारें ५०० माणसें प्रत्येकीं एक शिलिंग घेऊन आगगाडीनें नेलीं. पुढें प्रवासाच्या व्यवसायांत त्याचें नांव जगभर झालें. आपल्या भागांत पावसाळ्यांतील मोठा प्रवास म्हणजे आषाढीचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनें उभारलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे १८९७ त सुरू झाली, १९०६ त पंढरपुरास पोंचली आणि १९२७ त मिरजेस येऊन मिळाली. चिमुकलें इंजिन, मागें माणसांनीं भरलेले डबे, वर आषाढाचें आभाळ, हें दृश्य मिरजेच्या पूर्वेकडील माळावर दोन पिढ्यांनीं पाहिलें. वारकरी याला सहल म्हणणार नाहींत, आणि तें योग्यच आहे. परंतु पावसांत वाफेच्या गाडीनें एका ठिकाणीं मिळून जाणें जर कोठें खऱ्या अर्थानें लोकांचें झालें असेल, तर तें येथें. १९७१ नंतर कित्येक वर्षें मिरज जंक्शनांत रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र होते. आतां पंढरपूरची वाटहि रुंद मापाची झाली आहे.

वाफेच्या इंजिनांचा अस्त लवकर झाला. चित्तरंजनच्या कारखान्यांतून रुंद मापाचें शेवटचें बाष्प-इंजिन १९७० त बाहेर पडलें. त्याचें नांव 'अंतिम सितारा' असें ठेविलें होतें. १९७२ त मीटर मापाचेंहि शेवटचें निघालें. ६ डिसेंबर १९९५ रोजीं पंजाबांत जालंदर-फिरोजपूर मार्गावर रुंद मापावरील नित्याची वाफेची गाडी शेवटची धांवली. त्यानंतर वाफ उरली ती मुख्यतः सहलीच्या गाड्यांत. १८५५ चें 'फेअरी क्वीन' हें इंजिन १९९७ त पुन्हां दिल्ली-अलवर अशा सहलीच्या गाडीस जोडलें गेलें, पण ती गाडी हिवाळ्याची. पाऊस आणि वाफ एकत्र पाहावयाचीं असल्यास दार्जिलिंगास जावें, किंवा आपणांस त्याहून जवळ अशा निलगिरीवर जावें. मेट्टुपालयमहून कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ त झाला, पुढें १९०८ त तो उटीस पोंचला. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत चढ इतका तीव्र आहे कीं, रुळांच्या मध्यें दांतेरी पट्टी बसवून इंजिनाचें दंतचक्र तींत अडकवावें लागतें. तेथें इंजिन गाडीच्या मागें राहून तिला वर ढकलतें. तेव्हां खिडकींतून पुढें पाहात बसणाऱ्यास इंजिन दिसणार नाहीं, हें आधींच समजून जागा धरावी. त्या डोंगरांत ईशान्येकडील वाऱ्यांचाहि पाऊस पडतो, म्हणून दिवाळीच्या सुटींतहि तेथें ढग व सरी भेटण्याचा संभव असतो.

महाराष्ट्रांतील नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासूनची आहे. तिचीं वाफेचीं इंजिनें गेलीं, आणि भर पावसाळ्यांत घाटांतील गाडी बंदच ठेवितात. तें कां, हें २६ जुलै २००५ च्या पावसानें दाखविलें. त्या दिवशीं वाहून गेलेला मार्ग दुरुस्त होऊन गाडी सुरू होण्यास २००७ साल उजाडलें. आपल्याकडेहि २०१९ च्या महापुरांत रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलाशीं पाणी चढल्यानें गाड्या थांबल्या होत्या. पाऊस दृश्य देतो तसा मार्गहि नेतो.

आतां छायाचित्राविषयीं. कोल्हापूरच्या मुलांना कॅमेऱ्याची भीति नसावी. ज्या नगरींत बाबूराव पेंटरांनीं आपला चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० त 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तिचीं तीं मुलें. मोबाईल असो वा मोठा कॅमेरा असो, पावसांत अडचणी दोनच: उजेड थोडा, आणि पाणी फार.

धांवती गाडी स्थिर टिपावयाची तर पडदा एका सेकंदाच्या सुमारें पांचशेंव्या भागापुरताच उघडावा लागतो. तेवढ्यांत पुरेसा प्रकाश येत नसेल तर कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवावी. चित्रांत थोडे रवे दिसतील ते चालवून घ्यावे. याउलट पडदा साठाव्या भागापर्यंत उघडा ठेवून कॅमेरा गाडीबरोबर त्याच गतीनें फिरविला, तर इंजिन स्पष्ट येतें, मागचीं झाडें वाहून गेल्यासारखीं दिसतात, आणि पावसाच्या थेंबांच्या रेघा होतात. ही युक्ति साधण्यास पुष्कळ चित्रें फुकट घालवावीं लागतात. तिचा सराव हातकणंगल्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलींवर करावा, पैसा लागत नाहीं. पाऊस दिसण्यास मागें कांहीं तरी काळें पाहिजे. पांढऱ्या आभाळापुढें सर दिसत नाहीं, दाट झाडीपुढें किंवा बोगद्याच्या तोंडापुढें दिसते. वाफेचा पांढरा लोट मुख्य असेल तर चित्र किंचित् काळसर ठेवावें, नाहीं तर लोटाची जागा कोऱ्या कागदासारखी येते. मोबाईलवर पडद्यावर त्या लोटावर बोट टेकून प्रकाश कमी करतां येतो.

भिंगावर थेंब पडूं नये म्हणून एकानें छत्री धरावी व दुसऱ्यानें चित्र काढावें. हें काम दोघांचें आहे. थंड केलेल्या डब्यांतून उतरतांच कॅमेरा बाहेर काढला तर दमट हवेनें भिंग धुरकट होतें. अर्धा तास पिशवी बंद ठेवावी. घरीं आल्यावर कोरड्या मऊ फडक्यानें पुसून, ओल शोषणारे सिलिकेचे खडे घालून, हवाबंद डब्यांत कॅमेरा ठेवावा. आपल्या पावसाळ्यांत भिंगाच्या आंत बुरशी धरते आणि ती एकदां धरली कीं भिंगास कायमचे डाग राहतात.

एक गोष्ट पालकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावी. चित्राच्या नादानें रुळांत उभें राहणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. पावसाच्या आवाजांत येणाऱ्या गाडीचा आवाज बुडून जातो, आणि विजेची गाडी तर वाफेच्या गाडीसारखी दुरून वर्दी देत नाहीं. ओल्या रुळांवर गाडी थांबविण्यास अंतर अधिक लागतें. चालकानें पाहिलें तरी त्याच्या हातीं फारसें राहत नाहीं. वरच्या तारांत २५,००० व्होल्टांचा प्रवाह आहे. पुलावरून किंवा डब्यावर चढून छत्री अथवा मोबाईलची काठी त्यांच्याजवळ नेली तर स्पर्श न होतांहि प्राण जातो. विनापरवाना लोहमार्गावर जाणें हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वयें गुन्हाहि आहे. फलाटाचें तिकीट काढून, स्टेशनमास्तरांस विचारून, फलाटाच्या कडेपासून आंत उभें राहावें, किंवा फाटकाबाहेरून दुरून पाहावें. बहुतेक चांगलीं चित्रें दुरूनच मिळतात, कारण लोट मावण्यास जागा लागते.

आणि ज्यांना निलगिरीस जाणें शक्य नाहीं त्यांस एक काम घरबसल्या करण्यासारखें आहे. १९७१ पूर्वींची मीटर मापाची गाडी ज्यांनीं जाणतेपणीं पाहिली, तीं माणसें आज साठीच्या पुढें आहेत. त्या काळीं कॅमेरा थोड्यांकडे असे, आणि पावसांत तो कोणी बाहेर काढीत नसे. म्हणून आपल्या स्टेशनांतील पावसाळी गाडी मुख्यतः त्यांच्याच आठवणींत आहे. त्यांस विचारावें: इंजिन पाणी कोठें घेई, पंचगंगेच्या पुलावर त्याचा आवाज कसा बदले, पावसांत गाडीस उशीर झाला तर फलाटावर लोक काय करीत. उत्तरें त्यांच्याच शब्दांत वहींत उतरून घ्यावीं. जुन्या पेटींत वऱ्हाडाचें किंवा निरोपाचें एखादें चित्र निघालें आणि त्याच्या कोपऱ्यांत इंजिनाचा अर्धा भाग दिसला, तर त्याची प्रत करून ठेवावी. चित्राच्या मागें स्थळ, साल आणि माणसांचीं नांवें शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावीं. शाई वापरूं नये, दमट हवेंत ती फुटते आणि खालच्या चित्राच्या तोंडास लागते.