मानेवरचा काळेपणा मळ नव्हे

“अंघोळ करतोस, की नुसते पाणी ओतून घेतोस?” मानेच्या मागे काळपट पट्टा असलेल्या मुलाला हा प्रश्न पुष्कळदा ऐकावा लागतो. मग डाळीचे पीठ येते, वज्री येते. मान हुळहुळते, काळेपणा मात्र जात नाही. तो मळ नसतोच.

मान, काख वा जांघ येथील त्वचा काळसर, जाड आणि मखमलीसारखी झाली, म्हणजे वैद्यक त्या अवस्थेला ‘अकॅन्थोसिस नायग्रिकन्स’ म्हणते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की स्वादुपिंड ते अधिकाधिक पाझरू लागते. आणि हे वाढलेले इन्सुलिन त्वचेच्या पेशींची वाढ चेतविते. रक्तातील साखर वाढण्यापूर्वीच हे चिन्ह दिसू शकते. ते ओळखले, तर मधुमेह लांबविता येतो.

ह्यासाठी प्रामुख्याने तीन चाचण्या आहेत. किमान 8 तासांच्या उपवासानंतर साखर 100 मिलिग्रॅमच्या आत असावी. 100 ते 125 हा धोक्याचा टप्पा, 126 वा अधिक म्हणजे मधुमेह. दुसऱ्या चाचणीत प्रौढास 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. तेथे 140 पासून धोका व 200 पासून मधुमेह. तिसरी एचबीए1सी, ती सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविते. तिचा 6.5 टक्के वा अधिक हा आकडा मधुमेहाचा. लक्षणे नसतील, तर निदान दुसऱ्या तपासणीने पक्के करतात.

सिल्वासा आणि भोवतालच्या दादरा व नगर हवेलीत मात्र ह्या तिसऱ्या चाचणीविषयी सावध राहावयास हवे. येथील आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची त्याहून पुष्कळच कमी. तिच्यावर साखर साचण्यास अवधीच मिळत नाही, आणि आकडा फसवा, कमी येतो. वाहकांच्या बाबतीतही तो पूर्ण भरवशाचा नसतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली. तीत तपासणी झालेल्यांनी आपला अहवाल डॉक्टरांना आधी दाखवावा, आणि पहिल्या दोन चाचण्यांवर भिस्त ठेवावी.

क्वचित हा काळेपणा निराळे सांगतो. उतारवयात तो झपाट्याने पसरला आणि वजनही घटू लागले, तर जठराच्या कर्करोगाची शंका घेऊन दुर्बिणीने तपासणी करावी लागते. हिरड्या व तळहाताच्या रेषा काळवंडल्या, सोबत अशक्तपणा व कमी रक्तदाब असला, तर मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचा दोष संभवतो. तेव्हा सकाळच्या रक्तातील कॉर्टिसोल मोजतात.

कारण इन्सुलिनचे असेल, तर वजन आटोक्यात आणल्याने आणि नित्य चालण्याने काळेपणा हळूहळू फिकट होतो. मुलाच्या मानेवर वज्री फिरविण्यापूर्वी त्याचे रक्त तपासून घ्यावे. आणि त्याच्यावरचा अस्वच्छतेचा ठपका आजच पुसून टाकावा.