शटर खरोखर किती वेळ उघडे राहते?

मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या अनेक जुन्या भिंगांना शटर नसतेच. अशा भिंगापुढे विद्युतचुंबकाने उघडणारी, स्प्रिंगने मिटणारी झडप आपण बसवू आणि ५५५ टायमरने, ट्रान्झिस्टरमार्फत, तिला प्रवाह देऊ. पण टायमरची वेळ म्हणजे प्रकाशाची वेळ नव्हे! वेटोळ्यात प्रवाह वाढायला वेळ लागतो. तो तोडल्यावरही ट्रान्झिस्टर वाचवणाऱ्या डायोडमधून क्षणभर फिरत राहतो; झडप उशिरा मिटते. समजा, उघडताना २० आणि मिटताना ३० मिलिसेकंद उशीर झाला. १ सेकंदात जादा १० मिलिसेकंदांची कोण पर्वा करतो? १/३० सेकंदात मात्र प्रकाश जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. म्हणून भिंगामागे फोटोट्रान्झिस्टर ठेवून ऑसिलोस्कोपवर खरी वेळ पाहू आणि टायमर तेवढा कमी लावू.