कोळसा हलवायचा की वीज? माजरीतून प्लॅन नाइन वापरताना



दिवाळीच्या सुट्टीत माजरीला घरी आले की माझा एकच प्रॉब्लेम असतो. प्रयोगाचा सगळा डेटा आणि मोठं मशीन लॅबमध्ये, मी इथे, आणि मधे मोबाइलचा हॉटस्पॉट. कोळशाच्या गाड्या गेल्या की घर हलतं, आणि नेटवर्क कधी जातं त्याचा काही नेम नाही. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या तयारीत आहात, म्हणजे हा प्रसंग तुमच्यावरही येणारच. आज त्या निमित्ताने एका अशा ऑपरेटिंग सिस्टमबद्दल लिहिते, जी जगात फार थोडे लोक वापरतात: प्लॅन नाइन.

आता तुम्ही म्हणाल, लिनक्स असताना हे कशाला? थांबा, सांगते.

युनिक्स जिथे जन्मलं त्याच बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन, रॉब पाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हे काम सुरू केलं. नाव घेतलं एका गाजलेल्या भिकार सिनेमावरून. १९९२ मध्ये ते विद्यापीठांना मिळालं, २००० मध्ये सोर्स खुला झाला, आणि २०२१ मध्ये नोकियाने हक्क प्लॅन नाइन फाउंडेशनकडे दिले. आज रोजच्या वापरासाठी लोक घेतात ती त्याची २०११ पासूनची शाखा, नाइनफ्रंट. इतिहास एवढा पुरे.

कल्पना अशी आहे. युनिक्समध्ये ‘सगळं फाइल आहे’ असं आपण पाठ करतो, पण ते अर्धवटच खरं आहे. नेटवर्कसाठी सॉकेट वेगळे, खिडक्यांसाठी वेगळी व्यवस्था. प्लॅन नाइनने ते वाक्य शब्दशः घेतलं. टीसीपी कनेक्शन हवंय? ‘नेट’ डिरेक्टरीतली ‘क्लोन’ फाइल उघडा, आलेला नंबर वाचा, त्या नंबरच्या कंट्रोल फाइलमध्ये पत्ता लिहा. झालं कनेक्शन. स्क्रीनशॉट म्हणजे ‘स्क्रीन’ नावाची फाइल कॉपी करणं. कॉपी-पेस्टचा मजकूर हीसुद्धा एक फाइलच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रत्येक प्रोसेसला फाइलींचं झाड स्वतःचं मिळू शकतं. त्याला नेमस्पेस म्हणतात. माझ्या एका खिडकीत ‘माउस’ या नावाने जे दिसतं ते दुसऱ्या खिडकीत दिसणारच असं नाही. म्हणून तर तिथला खिडक्यांचा प्रोग्राम त्याच प्रोग्रामच्या एका खिडकीत पुन्हा चालवता येतो, कुठलीही खास सोय न करता. आणि या फाइली दुसऱ्या मशीनवरच्या असल्या तरी चालतं, कारण बोलायची भाषा एकच: नाइनपी. त्यात विनंत्या फक्त १३ प्रकारच्या. उघड, वाच, लिही, सोड, अशा. मुलाखतीला जाताना ही यादी वाचून जा. एवढा छोटा आणि तरी पूर्ण प्रोटोकॉल अभ्यासाला क्वचित मिळतो.

लॅपटॉपवर काय होतं ते प्रामाणिकपणे सांगते. जुना थिंकपॅड घ्या, तीन बटणंवाला. हौस म्हणून नाही. तिन्ही बटणांशिवाय इथे पान हलत नाही: मधल्या बटणावर कट-पेस्ट, उजव्यावर नवी खिडकी. इंटेलच्या बऱ्याच वायफाय कार्डांवर नेट चालतं. पण झाकण लावलं की लॅपटॉप झोपत नाही, ब्लूटूथ नाही, आणि आजच्या वेबसाइटींपैकी निम्म्या उघडणार नाहीत. त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर लिनक्सच आहे. त्यावर मी ड्रॉटर्म चालवते. हा एक छोटा प्रोग्राम, लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीकडे चालतो, आणि दूरच्या प्लॅन नाइन सर्व्हरचा स्क्रीन तुमच्यासमोर आणतो.

गंमत पुढे आहे. ड्रॉटर्मने जोडलं की माझ्या लॅपटॉपच्या फाइलीही त्या सर्व्हरवरच्या माझ्या नेमस्पेसमध्ये, ‘टर्म’ डिरेक्टरीखाली, दिसायला लागतात. अपलोड नाही, डाउनलोड नाही. सर्व्हरवरचा प्रोग्राम माझ्या घरातल्या फाइलीला थेट हात घालतो.

आणि इथेच मी फसले.

प्रयोगाच्या नोंदींची ४० मेगाबाइटची फाइल लॅपटॉपवर होती. म्हटलं, सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवू, ती इथली फाइल वाचेल. दहा मिनिटं झाली तरी उत्तर नाही. स्क्रिप्टमध्ये एक आकडा बदलला, पुन्हा दहा मिनिटं. मी आपली हॉटस्पॉटच्या नावाने बोटं मोडतेय, छतावर फोन घेऊन जातेय. मग वही काढली आणि हिशेब केला, जो आधीच करायला हवा होता.

नाइनपीत एका वाचनात परंपरेने साधारण ८ किलोबाइट येतात. साधा प्रोग्राम एक तुकडा मागतो, तो आला की पुढचा मागतो. ४० मेगाबाइट म्हणजे ५१२० तुकडे. माझ्या जोडणीवर विनंती जाऊन उत्तर यायला सुमारे १२० मिलिसेकंद लागत होते. ५१२० गुणिले ०.१२, म्हणजे ६१४ सेकंद. दहा मिनिटं! यात नेटच्या वेगाचा आकडा कुठे आलाच नाही, बघा. वेग दुप्पट केला असता तरी ही दहा मिनिटं तशीच राहिली असती. बँडविड्थ आणि लेटन्सी यांतला फरक परीक्षेत मी चार वेळा लिहिलाय, पण समजला तो त्या छतावर.

उपाय आमच्या जिल्ह्यातल्या कुणालाही सुचला असता. इथला कोळसा वीज करायला गाडीने मुंबईपर्यंत न्यायचा, की खाणींजवळच जाळायचा? चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र कोळशाच्या पट्ट्यातच उभं आहे, आणि १९९९ पासून चंद्रपूर ते पडघे अशी ७५२ किलोमीटरची डीसी लाइन १५०० मेगावॅटपर्यंत वीज मुंबईकडे नेऊ शकते. वजनदार वस्तू जागेवर ठेवली आणि हलकी तेवढी पाठवली. (राख मात्र इथेच उरते, तो वेगळा विषय आहे.)

मीही तेच केलं. फाइल एकदाच सर्व्हरवर नेली, तीही एकावेळी अनेक तुकडे मागणाऱ्या ‘एफसीपी’ या कॉपीच्या कमांडने. त्यानंतर स्क्रिप्ट काही सेकंदांत. ड्रॉटर्ममधून मुख्यतः ‘इथे रेघ काढ, इथे अक्षर ठेव’ अशा सूचना येतात, त्या हलक्या असतात. नेट मधेच तुटतं त्यासाठी ‘आन’ नावाचा फिल्टर आहे. तो लावला की जोडणी परत येईपर्यंत दोन्ही टोकं धीर धरतात आणि काम जिथल्या तिथून पुढे सुरू होतं.

संशोधकांना उपयोगी अशी आणखी एक गोष्ट. नेटवर्क ही फाइलींची डिरेक्टरी आहे, तर ती दुसऱ्या मशीनवरून उसनी का आणू नये? ‘इम्पोर्ट’ या एका कमांडने संस्थेतल्या मशीनचं ‘नेट’ माझ्या एका खिडकीत येतं. त्या खिडकीतून केलेली प्रत्येक जोडणी बाहेरच्या जगाला संस्थेतूनच आलेली दिसते. व्हीपीएन जे काम करतं ते इथे फुकटात, तेही फक्त त्या एका खिडकीपुरतं. पण संस्थेच्या नेटवर्कचे नियम विचारून घ्या, परवानगीशिवाय हे करू नका.

आता दुखरी बाजू. तुम्ही हा लेख ज्या यूटीएफ-८ मध्ये वाचताय ते थॉम्पसन आणि पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात, ताटाखालच्या कागदावर आखलं, आणि काही दिवसांत सगळं प्लॅन नाइन त्यावर आणलं. देवनागरी इतक्या सहज साठवणाऱ्या पहिल्या सिस्टमांपैकी ही एक. ‘माजरी’ लिहून मोजायला सांगितलं तर उत्तर येतं: चिन्हं ५, बाइट १५. आपण मोजतो ती अक्षरं मात्र तीन: मा, ज, री. आणि खरी अडचण त्या तिनातच आहे. स्क्रीनवर चिन्हं एकापुढे एक, जशी आली तशी काढली जातात. देवनागरीचा फॉन्ट घातला तरी ‘कि’ची वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. म्हणजे मराठी फाइल सांभाळते, शोधते, मोजते, पण दाखवताना बाप्पा पार गोंधळ! ज्यांना सिस्टम्समध्ये विषय सापडत नाहीये त्यांनी इथे नजर टाकावी: एका चिन्हाला एक चौकट, असं धरून बांधलेल्या छोट्या सिस्टममध्ये अक्षरजुळणी कोणत्या थरात घालायची? फॉन्टमध्ये, चित्र काढणाऱ्या लायब्ररीत, की मजकूर देणाऱ्या एखाद्या फाइल सर्व्हरमध्ये? तिन्हीला किंमत वेगवेगळी आहे.

सुरुवात करायची असेल तर लॅपटॉप पुसू नका. क्यूएमयूमध्ये नाइनफ्रंट टाका, आहे त्याच मशीनवरून ड्रॉटर्मने जोडा. मग विंडोजवाल्यांनी आपल्या डब्ल्यूएसएलकडे एकदा बघा: विंडोजमधून लिनक्सच्या फाइली उघडता तेव्हा आत नाइनपीच बोलत असतं. त्यानंतर पाइक आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा पेपर वाचा, आणि एक मोठी फाइल माझ्यासारखी चुकीच्या बाजूने वाचून बघा. घड्याळ लावून. हिशेब आधी वहीत, मग मशीनवर.