दार लावले, हवेचे काय?

थंडीच्या दिवसांत रात्री दिंडोरी तालुक्यातून प्रवास केला, तर द्राक्षबागांत ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या दिसतात. शेजारच्या निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले किमान तापमान काही वर्षी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली गेलेले आहे. अशा थंडीत द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून शेतकरी बागेत विस्तव करतात.

त्याच रात्री घरात काय चाललेले असते? दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या, फटींत जुनी फडकी कोंबलेली, आणि एखाद्या घरात निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत आणून ठेवलेली! बागेतला विस्तव उघड्यावर असतो, शेगडीतला चार भिंतींच्या आत. एवढ्या फरकाने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे थोडे गणित करून पाहू.

सोळा मिनिटांचा हिशेब

शेगडी तूर्त बाजूला ठेवू. समजा, खोली १० फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच आहे. तिच्यात सुमारे २८,००० लिटर हवा मावते. बाहेरच्या हवेत आज कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण सुमारे ०.०४२ टक्के आहे. म्हणजे खोलीत हा वायू १२ लिटर झाला. म्युनिकचे शास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये असे सुचवले, की राहत्या खोलीत हे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा वाढू नये. आपल्या खोलीसाठी ही मर्यादा २८ लिटर येते. म्हणजे भर घालायला जागा उरली फक्त १६ लिटरची.

स्वस्थ पडलेला माणूस तासाला सुमारे १५ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. चार माणसांचे झाले ६० लिटर, म्हणजे मिनिटाला एक लिटर! खोली खरोखरच हवाबंद असेल, तर सोळा मिनिटांतच मर्यादा गाठली जाईल. सकाळी उठल्यावर डोके जड का वाटते, याचे एक कारण इथे सापडते. सुदैवाने कोणतीही खोली पूर्ण हवाबंद नसते. पण आपण फडकी कोंबतो ती नेमकी याच सुदैवावर!

न दिसणारा शत्रू

आता शेगडी आत आणू. कोळशाला प्राणवायू भरपूर मिळाला, तर कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. कमी पडला, तर कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू पोचत नाही.

केवळ १२ ग्रॅम कार्बन असा अर्धवट जळला, तर सुमारे २४ लिटर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्या बंद खोलीत त्याचे प्रमाण दहा हजार भागांत आठांहून अधिक होईल. अशा हवेत पाऊण तासात डोके दुखू लागते, भोवळ येते, मळमळते. दोन तासांच्या आत माणूस बेशुद्ध पडू शकतो. झोपलेल्याला तर यातले काहीच कळत नाही. कोळशाचा एक लहानसा तुकडा एवढे करू शकतो!

न्हाणीघरातल्या गॅस गिझरचेही असेच आहे. जागा लहान, दार बंद आणि ज्योत पेटलेली. म्हणून गिझर न्हाणीघराच्या बाहेर हवा आणि त्याचा जळका वायू नळीने थेट घराबाहेर जायला हवा. कोणाला भोवळ आलीच, तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे.

वीतभर झरोका

जुन्या धाब्याच्या घरांना छतात भोक ठेवीत. त्याला 'साणे' म्हणत. त्यातून धूर जाई, उजेड येई. कौलारू घरात हे काम कौलांच्या फटी करीत. स्लॅबच्या घरात आणि सरकत्या काचांच्या खिडक्यांत ही सोय राहिली नाही.

ती पुन्हा करणे अवघड नाही. उबदार हवा हलकी असल्याने वर चढते. एक झरोका जमिनीजवळ आणि दुसरा छताखाली, दोन मीटर उंचीवर ठेवला, की वरून ऊन हवा बाहेर जाते व खालून ताजी हवा आत येते. आत २० आणि बाहेर ६ अंश तापमान असेल, तर वीतभर लांब-रुंद असे दोन झरोके तासाला सुमारे १०० घनमीटर हवा बदलतात. चौघांना साधारण एवढीच लागते. मात्र झरोके आहेत म्हणून शेगडी आत आणणे हा शहाणपणा नव्हे.

याचा पडताळा वर्गातही घेता येईल. थंडीच्या सकाळी, मुलांनी भरलेल्या वर्गाचे दार किंचित उघडा. पेटलेली उदबत्ती फटीच्या वरच्या टोकाशी धरा, मग खालच्या. वारा पडलेला असेल, तर वर धूर बाहेर जाताना दिसेल, खाली आत येताना.

झरोक्यातून थोडी ऊब निघून जाते, हे खरे. अतिशीत देशांत ती परवडत नाही. १९७३ नंतर खनिज तेल महागले, तेव्हा तिकडे घरे अधिकाधिक हवाबंद बांधू लागले आणि हाच प्रश्न उभा राहिला. १९७७ मध्ये कॅनडातील रेजायना येथे बांधलेल्या एका प्रायोगिक घरात त्यावर उपाय योजला होता: बाहेर जाणारी ऊन हवा व आत येणारी थंड हवा पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी न्यायची. हवा मिसळत नाही, पण उष्णता आतल्या हवेला परत मिळते.

आपल्याला अशा यंत्राची गरज नाही. आपल्याकडे गोधडी आहे. ती खोली तापवत नाही, अंगाची ऊब अंगाशी राखते. ऊब गोधडीने मिळवता येते. ताज्या हवेला मात्र दुसरा पर्याय नाही. तेव्हा आज रात्री गोधडी एक जास्त घ्या आणि खिडकी वीतभर उघडी ठेवा.