घाट उतरताना हेडलाइट का जातो? जुनी गाडी असेल तर हे तपासा

खुलताबादहून वेरूळला रात्री घाट उतरताना पेट्रोल वाचवायला काही जण इंजिन बंद करतात. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेट कॉईलवर चालतो. इंजिन बंद झालं की दिवाही गेला, आणि पुढे वळण! रेस सोडल्यावर दिवा मंद होतो तोही याच कारणाने, तो बिघाड नव्हे.

खरा बिघाड बरेचदा हँडलपाशी असतो. तिथला वायरिंगचा जुडगा रोज घासतो, वायर उघडी पडून चेसीला टेकते आणि फ्यूज उडतो. टेप गुंडाळा, जुडगा थोडा सैल बांधा. फ्यूजच्या जागी तार लावायचा जुगाड नकोच. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते, अन् वर पेट्रोलची टाकी.

बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी गाडी चालू ठेवून, रेस देऊन बॅटरीवर मीटर लावायला सांगा. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर कॉईल, आरआर युनिट आणि अर्थिंगचा गंजलेला बोल्ट बघा. १५ च्या वर गेले तर आरआर युनिटच बदलावं लागतं, नाहीतर नवी बॅटरीही उकळून जाईल. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच टाका, बोअरचं पाणी नको.